सारंगाच्या चार ओळी

कासिमभाई, तुम्ही जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलाच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी बारा वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून काढलेली नाहीत.

ऑफिसने शोकसंदेशाचा ई-मेल काढला. त्यात तुमचा हुद्दा होता, नोकरीची वर्षं होती, मागे कोण कोण आहे ते होतं आणि शेवटी ‘शांत, मनमिळाऊ स्वभाव’ असंही होतं. शांत! तुम्ही! एका ड्रॉइंगवर जुनी तारीख राहिली म्हणून दोन इंजिनियरांना भर उन्हात प्लांटमधून परत बोलावणारा माणूस शांत? मला ते वाचून हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की उठून तोंड धुवावं लागलं. त्या ई-मेलमध्ये तुमच्या शाळेचा एक शब्द नव्हता. हर्णैच्या शाळेचा नव्हे. त्या दुसऱ्या शाळेचा, स्कॉटलंडातल्या.

लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये कागद सांभाळणारा हर्णैचा एक डॉक्युमेंट कंट्रोलर, आयुष्यात कधी स्कॉटलंडला गेलेला नाही, आणि तिथल्या एका शेकडो वर्षं जुन्या हायस्कूलचा इतिहास याच्या कॉम्प्युटरमध्ये! सुरुवात मॅकरेसाहेबांपासून झाली. ते इथे सुपरिंटेंडंट होते आणि सुट्टीच्या शुक्रवारी आपल्या गावच्या शाळेचा इतिहास हाताने लिहीत बसायचे. मी तेव्हा इथे नव्हतो, पण तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मीही तिथे चहा पीत बसलो होतो असं वाटतं. साहेबांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यांनी ड्रॉइंगवर लाल शाईने केलेल्या खुणा वर्षानुवर्षं लावून लावून ते वाचायची कला जगात फक्त तुम्हाला साधली होती. म्हणून टाइप करायचं काम तुमच्याकडे आलं. साहेब रिटायर होऊन गावी गेले, तरी प्रकरणं येतच राहिली. तुम्ही ड्युटी संपल्यावर टाइप करत राहिलात.

‘कासिमभाई, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय,’ मी म्हणायचो.

‘लष्कराच्या नाय रे, शाळेच्या,’ तुम्ही म्हणायचात आणि चष्मा वर सारून पुन्हा बडवायला लागायचात.

आणि नुसतं टाइप करून तुमचं समाधान होणार थोडंच? प्लांटच्या कागदांची सगळी शिस्त तुम्ही त्या बिचाऱ्या शाळेला लावलीत. प्रत्येक प्रकरणाला नंबर. प्रत्येक बदलाला रिव्हिजन. जुन्या रिव्हिजनवर ‘बाद’चा शिक्का, पण फाडायचा नाही, फोल्डरमध्ये ठेवायचा. एखादी ओळ काढायची असेल तर चेंज फॉर्म: काय काढलं, का काढलं, कोणी सही केली. मॅकरेसाहेबांनी एकदा हेडमास्तरच्या कुत्र्याबद्दलचं एक वाक्य गाळलं, तर तुम्ही त्यांना फॉर्म पाठवलात. त्यांनीही मुकाट्याने भरून दिला. कारण लिहिलं होतं, ‘कुत्रा कंटाळवाणा आहे.’ आपण दोघं पोट धरून हसलो होतो.

त्या शाळेने आपल्याला किती जेवणं सोबत केली, आठवतंय? मेसमध्ये समोर बसलात की आज काय टाइप केलं ते सुरू. जुन्या काळी तिथली मुलं वर्गातल्या शेकोटीसाठी घरून जळण घेऊन यायची. तुम्ही म्हणालात, आमी शेण न्यायचो, जमीन सारवायला, त्यात काय! मग एक दिवस कळलं की तिथे सणाला मुलं शाळेतच कोंबड्यांच्या झुंजी लावायची आणि मेलेला कोंबडा मास्तराला मिळायचा. त्या दिवशी तुमचा आनंद बघवत नव्हता. ‘सुधीर, मास्तर घरी जाऊन सागुती करत असंल रे!’ तुम्ही अख्ख्या टेबलाला ऐकवलंत. शेजारच्या केरळच्या वेल्डरांना हिंदीत भाषांतर करून ऐकवलंत. मुलींना वेगळं दार होतं, ते कोणत्या बाजूला होतं, जुनी दगडी इमारत पाडली तेव्हा घंटा कुठे नेली, आताची काचेची इमारत टेकडीवर कशी बांधली, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. तुमची मुलगी जेद्दाला, अल अझीझियात, कोणत्या गल्लीत राहते ते मात्र दर वेळी तिलाच फोन करून विचारायचात.

आणि मग तो सारंग आला.

शिडाच्या जहाजांच्या काळातली हेडमास्तरांची रोजची नोंदवही साहेबांनी शाळेच्या कपाटातून शोधली होती. बंदराचं गाव, त्यामुळे शाळेत दर्यावर्दीपणाचा वर्ग होता. एका हिवाळ्यात तो वर्ग घेणारे मास्तर तापाने पडले. तेव्हाच एक वादळात मोडलेलं जहाज दुरुस्तीला तिथे अडकलं होतं आणि त्याच्यावरचे खलाशी गावातच होते. त्या खलाशांचा म्होरक्या, मुंबईच्या खालच्या किनाऱ्यावरचा एक सारंग, हेडमास्तरांनी मुलांपुढे उभा केला. सगळा हिवाळाभर त्याने दोरांच्या गाठी, दोर जोडणं, शीड बांधणं शिकवलं. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. हाताने दाखवायचा, मुलं बघून करायची. हेडमास्तरांनी लिहिलं होतं की वर्ग शिस्तीत चालतो आहे. नाव लिहिलं नव्हतं. वसंतात जहाज गेलं आणि तोही गेला.

मॅकरेसाहेबांनी यावर चार ओळी लिहिल्या. चारच. तुम्ही त्या टाइप केल्यात आणि उठून माझ्या टेबलाशी आलात.

‘आमच्या खाडीतला माणूस,’ तुम्ही म्हणालात. ‘तिथं मास्तर होता.’

काही महिन्यांनी शाळेच्या पुस्तक-समितीचं पत्र आलं. त्या चार ओळी काढाव्यात. बाकी काही नाही. साहेबांनीही लिहिलं, काढून टाक, वाद नको. आणि तुम्ही, अर्थात, फॉर्म पाठवलात. कारण? उत्तर नाही. पुन्हा पाठवलात. कारण? उत्तर नाही. पाच वेळा! मला तुमची लाज वाटायला लागली होती. आज सांगतो, खरंच वाटत होती. तिकडचे लोक काय म्हणतील, हा कोण टायपिस्ट अरबस्तानात बसून आम्हाला जाब विचारतोय.

‘शाळा त्यांची, गाव त्यांचं, पुस्तक त्यांचं,’ मी म्हटलं. ‘तुमचं काय जातंय?’

‘सारंग माझा हाय.’

‘तुमचा कोण? आजा की पणजा?’

‘ठावूक नाय. कोणी नसंल पण. म्हणून काय झालां? प्लांटमधला एक व्हॉल्व्ह काढला तरी आपण कारण लिवतो. हा तर माणूस हाय.’

‘भावनेवर इतिहास चालत नाही, कासिमभाई.’

तेव्हा तुम्ही ताट बाजूला सारलंत. ‘माझा आजा जहाजावर होता. कुठल्या जहाजावर, कुठल्या देशाला, घरात कोणाला ठावूक नाय. कुठं तरी कोणी तरी लिवून ठेवलां असंल. लिवलेलां कोणी मधल्या मध्ये काढून टाकलां, तर आमी शोधायचां कुठं?’

मी म्हटलं, तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि हात धुवायला उठलो.

आता ते, जे मी तुमच्याशी कधीच बोललो नाही. तुम्हाला ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे, तरी मी बोललो नाही.

तुम्ही रजेवर हर्णैला गेलात. तुमच्या जागी सही करायचा अधिकार नेहमीप्रमाणे माझ्याकडे आला. समितीला वाचायला प्रत हवी होती, साहेबांनी विनंती केली. मी फाइल उघडली आणि चार ओळी काढल्या. रिव्हिजन सात. फॉर्म भरला, कारण तुमची सिस्टीम फॉर्म भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘विषयाशी संबंध नाही.’ खाली माझी सही.

त्यांनी कारण दिलंच नव्हतं, कासिमभाई. पाच वेळा विचारूनही दिलं नव्हतं. कारण मी दिलं. त्यांच्यातल्या एकालाही जे लिहायचं धाडस झालं नाही ते मिरजेच्या या शहाण्याने त्यांच्या वतीने लिहून टाकलं. आणि मनात काय, तर मी तुमच्यावर उपकार करतोय, एकदाचं भांडण मिटवतोय.

तुम्ही परत आलात. माझ्यासाठी कोकम आणि सुके बोंबील आणलेत, नेहमीसारखे जाड प्लास्टिकमध्ये बांधून, वर माझं नाव. मग कॉम्प्युटर लावलात. बदलांची यादी उघडलीत. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

‘तू सही केलीस?’

‘हो.’

‘बरं,’ तुम्ही म्हणालात आणि फाइल बंद केलीत.

बस. तुम्ही ओरडायला हवं होतं. तारखेसाठी ओरडायचात, शिक्का वाकडा पडला तर ओरडायचात, आणि यावर नुसतं ‘बरं’? तुम्हाला एका मिनिटात त्या ओळी परत घालता आल्या असत्या. घातल्या नाहीत. तुमचाच नियम होता: ज्याने सही केली त्यानेच ती मागे घ्यायची, दुसऱ्याने खोडायची नाही. तुम्ही माझी वाट बघत होतात. चार महिने रोज समोर बसून, रोज माझ्या डब्यातली चटणी खात, वाट बघत होतात. आणि मी मूग गिळून बसलो. म्हणून चिडलोय मी. अजून महिनाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मी बोललो असतो. कदाचित बोललो असतो.

त्या सोमवारी सकाळी शिफ्टची बस गेटवर थांबली, सगळे उतरले, तुम्ही उतरला नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मी खांद्याला हात लावून म्हटलं, यल्ला, चला कासिमभाई, आलं ऑफिस. पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि मला सांगवतही नाही.

नंतरचे दोन दिवस मी तुमचे कागद घेऊन फिरलो. इकाम्याचं रहिवासी कार्ड, पासपोर्ट, कफील कंपनीचं पत्र, हॉस्पिटलचा दाखला, भाभींचं संमतिपत्र. एका खिडकीवर म्हणाले फोटोकॉपी अस्पष्ट आहे, दुसऱ्या खिडकीवर म्हणाले शिक्का आधी तिकडचा आणा. तुम्ही असतात तर त्या माणसाला फायलिंग शिकवूनच परतला असतात. भाभी फोनवर म्हणाल्या होत्या, तिथंच माती द्या, यांची रोजी तिथली होती. दुपारी असरच्या नमाजानंतर तुम्हाला नेलं. मी कब्रस्तानच्या फाटकापाशी उभा राहिलो, आपली बाकीची मंडळी आत गेली. नंतर वेल्डर अश्रफ बाहेर येऊन म्हणाला, सब हो गया भाई, खलास. मी विचारलं, नाव लिहिलं का? तो म्हणाला, इथे नाव लिहीत नाहीत, डोक्याशी एक दगड असतो फक्त. इथली रीत आहे, राजालाही तीच. तुमच्या लेखी त्यात काही वावगं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या लेखी मात्र आहे. तुमची श्रद्धा मोठी, माझी तेवढी नाही.

आठवड्याने भाभींना फोन केला. रडून झालं, मुलांची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या, ‘भावजी, यांचां त्या शाळेचां पुस्तक झालां काय? रजेवर आलेले तवा रोज तेच. आपल्या बंदरातला माणूस त्यात हाय म्हणून अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलां यांनी.’

मोहल्ल्याला सांगितलंत! म्हणजे तिकडे तुम्ही मोहल्ल्याला सांगत होतात, त्याच दिवसांत इकडे मी त्या ओळी काढत होतो. ‘होतंय भाभी,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मॅकरेसाहेबांचं सांत्वनाचं पत्र आलं. तीन पानं, हाताने लिहिलेली. कासिमभाई, मला ते वाचता येत नाही. तुमचं नाव लागलं, एके ठिकाणी ‘कधीच नाही’ असं काहीतरी लागलं, बाकी सगळं मुंग्या. ते वाचू शकला असता असा एकच माणूस होता. मी ते तुमच्या फोल्डरमध्ये नंबर घालून ठेवलंय. पत्रामागोमाग ई-मेल आला, छापखाना खोळंबलाय, शेवटची फाइल पाठवा.

त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीवर बसलो. पहिल्यांदाच. रिव्हिजन सहा काढली, चार ओळी उचलल्या, नव्या रिव्हिजन आठमध्ये घातल्या. फॉर्म उघडला. काय बदललं: वगळलेला मजकूर पूर्ववत. सातवरची सही मागे. कारणाच्या रकान्यात आधी मी माफी वगैरे लिहायला घेतलं होतं, मोठं, भावुक. मग वाटलं, तुम्ही हे पास केलं नसतंत. खोडलं आणि लिहिलं, ‘त्याने या शाळेत शिकवलं आहे.’ सही केली आणि फॉर्मसकट फाइल पाठवून दिली.

परवा फोन आला. साहेब होते आणि समितीच्या अध्यक्षबाई होत्या. बाई गोड बोलत होत्या. भावना समजतात, तुमच्या मित्राचं फार वाईट वाटलं, पण त्या ओळींचं काय करायचं ते आधीच ठरलंय. मी म्हटलं, ठरलं असेल तर कारण लिहून पाठवा. त्या म्हणाल्या, कारण फॉर्मवर आहेच की, विषयाशी संबंध नाही. मी म्हटलं, ते कारण माझं होतं, तुमचं नव्हतं, आणि मी ते मागे घेतलंय. तुमचं काय आहे?

मग बाई म्हणाल्या, हे बघा, शाळेच्या इतिहासात ज्यांची नावं आहेत ते सगळे नोंदीतले लोक आहेत. या माणसाचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. नाव नसलेल्या माणसाचं आम्ही काय करायचं?

कासिमभाई, माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. रागावलो की क्रियापदं पळून जातात. पण त्या क्षणी एकही पळालं नाही. मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या मुलांना शिकवायला त्याला उभा केलात तेव्हा नाव लागलं नव्हतं. आता कशाला लागतंय?’

मग साहेबांचा म्हातारा आवाज आला. ते म्हणाले, माझ्या पहिल्या हस्तलिखितात तो होता, आणि मी भिडेखातर काढायला तयार झालो, याची मला शरम वाटते. पुस्तक माझं आहे. त्या ओळी राहतील. बाई म्हणाल्या, मग माझा विरोध नोंदवा. मी म्हटलं, आनंदाने, फॉर्म पाठवतो, कारण लिहा आणि सही करा. फॉर्म पाठवला. आज तिसरा दिवस. कोरा फॉर्मही परत आलेला नाही.

बाई गेल्यावर साहेब फोनवरच राहिले. म्हणाले, आभाराच्या पानावर कासिमचं नाव आहेच, तू पाहिलं असशील. पाहिलं होतं मी. सौदीतला माझा टायपिस्ट कासिम, एवढंच. मी म्हटलं, साहेब, ते पान मी अजून पास केलेलं नाही. पेन घ्या.

त्यांनी पेन घेतलं. कासिम इब्राहिम परकार, मी म्हटलं, मुक्काम हर्णै, जिल्हा रत्नागिरी, डॉक्युमेंट कंट्रोलर. एकेक अक्षर सांगितलं, आणि मग म्हटलं, आता वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, चुकलं. मी म्हटलं, नाही साहेब, पुन्हा. पुन्हा चुकलं. पाच-साडेपाच हजार किलोमीटरवर ऐंशीच्या घरातला तो माणूस कागदावर वाकून बसला होता आणि मी त्याला सोडत नव्हतो. तिसऱ्यांदा बरोबर आलं.